परदेशात पडलेल्या बॉम्बर विमानातला एक माणूस: त्याची माहिती कशी शोधायची आणि आठवण कशी ठेवायची

कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांत ऑक्टोबरच्या सुमारास कधीतरी हा प्रश्न येतो. मुलांना शाळेतून सांगितलेलं असतं की गावातल्या युद्धस्मारकावरचं एक नाव निवडा आणि ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या आत त्याच्याबद्दल लिहून आणा, आणि स्मारकावर बघायला जावं तर आडनाव आणि पुढे दोन इनिशियल्स, बस. किंवा उलटं होतं, आपण पुण्यात असतो आणि ऑफिसमधला एखादा ब्रिटिश सहकारी विचारतो की खडकीच्या वॉर सिमेट्रीत आमच्या आजोबांचा भाऊ आहे, फोटो मिळेल का. दोन्हीकडे पद्धत साधारण तीच आहे म्हणून इथे सगळं एकत्र लिहितोय. भर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांवर ठेवलाय, कारण या माणसांची संख्याच तेवढी आहे. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये जवळपास १,२५,००० जण उडाले, त्यातले ५५,५७३ मेले, आणि त्यात जवळजवळ १०,००० कॅनडाच्या हवाई दलाचे होते. त्यामुळे स्मारकावरच्या नावापुढे हवाई दल असेल तर तो बॉम्बरवाला असायची शक्यता बरीच.

सुरुवातीलाच एक सांगतो, बाकी विसरलात तरी चालेल. एकट्या माणसाचा शोध घेऊ नका, अख्ख्या क्रूचा घ्या. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरमध्ये सात जण असायचे: पायलट, फ्लाइट इंजिनीअर, नेव्हिगेटर, बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा), वायरलेस ऑपरेटर, मधल्या वरच्या टरेटमधला, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या घुमटीतला गनर (मिड-अपर) आणि शेपटीतला गनर. आपला माणूस गेला म्हणजे त्याच्या हातचा कागद तिथेच थांबला, पण त्या रात्री काय झालं ते जो वाचला त्याच्या कागदात सापडतं, किंवा ज्याच्या आईने जास्त पत्रं लिहून चौकशी केली त्याच्या फाइलीत सापडतं. एकाच नावावर बसून राहणारे लोक अर्ध्यात अडकतात ते यामुळेच.

उदाहरणाला अँड्र्यू मायनार्स्की घेतो. विनिपेगचा मुलगा, जन्म १९१६, आईवडील पोलंडहून आलेले, वडील लवकर गेले म्हणून हा फरच्या धंद्यात कातडं कापायच्या कामाला लागला, मग हवाई दलात गेला आणि ४१९ स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टरचा मिड-अपर गनर झाला. १९४४ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मेला, नंतर व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. अर्थात इतका प्रसिद्ध माणूस म्हणजे प्रत्येक पायरीवर काहीतरी मिळतंच, तुमच्या माणसाचं तसं असेलच असं नाही. पण पायऱ्या त्याच.

पहिलं काम, चार गोष्टी पक्क्या करा

पूर्ण नाव, सर्व्हिस नंबर, तारीख, स्क्वाड्रन. या चार गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण एकाच नावाचे चार-पाच जण सहज निघतात. कॉमनवेल्थचा माणूस असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं. ही संस्था १९१७ पासून आहे आणि कबर असो नसो, प्रत्येकाचं नाव तिच्या यादीत असतं. तिथे हुद्दा, नंबर, युनिट, तारीख, कबरीचा क्रमांक आणि बऱ्याचदा आईवडिलांची किंवा बायकोची नावं, गाव एवढं मिळतं. त्याच पानावर खाली जुने स्कॅन केलेले कागद असतात, त्या वेळच्या टाइपरायटरवरचे रजिस्टर, ते न उघडता पुढे जाणारे फार. त्यात कबरीवर काय कोरायचं हे घरच्यांनी काय कळवलं तेही कधीकधी मिळतं. घरच्यांना मोजक्याच अक्षरांचा मजकूर देता यायचा, त्यामुळे त्या एका ओळीत घरच्यांनी काय बसवलं ते जरूर उतरवून घ्या.

नंबरात एक भानगड असते. कॅनडाच्या हवाई दलात साध्या जवानांच्या नंबरापुढे आर असायचा आणि ऑफिसर झाला की जे लागून पूर्ण नवीन नंबर मिळायचा. मायनार्स्की शेवटच्या काही दिवसांतच पायलट ऑफिसर झाला, म्हणजे भरतीच्या कागदांवर एक नंबर आणि कबरीच्या नोंदीत दुसरा. दोन नंबर दिसले म्हणून दोन माणसं समजू नका. स्पेलिंगचंही तेच, पोलिश, युक्रेनियन, फ्रेंच नावं कारकुनांनी वाट्टेल तशी लिहिलीयत, त्यामुळे नावाने सापडलं नाही तर नंबर टाकून बघा.

तारखेचा घोळ

बॉम्बर कमांडची बहुतेक उड्डाणं रात्रीची. विमान एका तारखेला उडायचं आणि पडायचं दुसऱ्या तारखेला, म्हणून अभ्यासक १२/१३ जून अशी जोडतारीख लिहितात. मायनार्स्कीचं विमान, केबी ७२६, १२ जून १९४४ च्या रात्री इंग्लंडातल्या मिडलटन सेंट जॉर्जहून फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला निघालं, आणि हल्ला झाला तेव्हा मध्यरात्र उलटून १३ तारीख लागलेली. क्रूची ती तेरावी मोहीम होती, त्यामुळे तेरा-तेराची गोष्ट सगळेच रंगवून सांगतात. सांगायला हरकत नाही, पण तुमच्या लिखाणात तारीख मात्र जोडूनच द्या, नाहीतर स्क्वाड्रनच्या रेकॉर्डमध्ये तुम्ही १३ जूनचं पान बघत बसाल आणि माणूस असेल १२ च्या पानावर.

स्क्वाड्रनचं रेकॉर्ड बुक

प्रत्येक स्क्वाड्रन ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक ठेवायची, आणि त्यात दोन फॉर्म. फॉर्म ५४० म्हणजे रोजची थोडक्यात डायरी, हवामान, कोण आलं कोण गेलं, कधी नाचाचा कार्यक्रम होता हेसुद्धा. फॉर्म ५४१ म्हणजे एकेका विमानाची नोंद: विमानाचा क्रमांक, सगळ्या क्रूची नावं, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, बॉम्ब कोणते. आपल्याला हवा तो ५४१, कारण क्रूची यादी इथे एका जागी मिळते. परत न आलेल्या विमानाच्या ओळीत उतरायची वेळ कोरी असते आणि शेजारी विमान परतलं नाही किंवा उडाल्यानंतर काही कळलं नाही एवढंच. बाकी विमानांचे रिपोर्टही वाचा, त्याच पानावर असतात. ढग किती होते, फ्लॅक, म्हणजे विमानविरोधी तोफांचा मारा, कुठे जोरात होता, कुणी हवेत पेटतं विमान बघितलं का, यातून त्या रात्रीचा अंदाज येतो.

ही बुकं लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ या मालिकेत आहेत आणि डिजिटल प्रती ऑनलाइन मिळतात. कॅनडाच्या स्क्वाड्रनांच्या मायक्रोफिल्म कॅनडातही स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. स्क्वाड्रनचा आकडा बघितला की देश कळतो, ४०० पासून पुढचे कॅनडाचे, ४५० ते ४६७ ऑस्ट्रेलियाचे, ४८५ ते ४९० न्यूझीलंडचे. पण माणूस कॅनडाचा आणि स्क्वाड्रन ब्रिटिश हे सर्रास व्हायचं, आणि उलटंही, कॅनडाच्या स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट इंजिनीअर बऱ्याचदा ब्रिटिश असायचा. म्हणजे एका क्रूच्या सात फाइली दोन-तीन देशांत विखुरलेल्या असू शकतात, ही तयारी ठेवा.

क्रूची नावं मिळाली की लिंकन शहरातल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या लॉसेस डेटाबेसमध्ये एकेक नाव टाका, ५८,००० च्या आसपास माणसं आहेत त्यात, फुकट आहे, आणि बहुतेक वेळा विमान कुठे पडलं, कुणाची कबर कुठे हे तिथेच जुळून येतं. त्या सेंटरमध्ये एक उंच लोखंडी सुळका उभा केलाय, उंची १०२ फूट, म्हणजे लँकेस्टरच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, आणि भोवती भिंतींवर नावं. तिकडे राहत असाल तर मुलांना घेऊन जाच.

माणसाची फाइल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कॅनडाने दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांच्या सर्व्हिस फाइली डिजिटाइज केल्यात. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ए७०५ ही मालिका म्हणजे हवाई दलाच्या कॅज्युअल्टी (मेलेल्या, हरवलेल्यांच्या) फाइली, भरपूर स्कॅन झालेल्या, घरबसल्या वाचता येतात. न्यूझीलंडसाठी ऑकलंड म्युझियमचा ऑनलाइन सेनोटाफ हा डेटाबेस. ब्रिटनच्या कॅज्युअल्टी फाइली क्यूला एआयआर ८१ मध्ये आहेत, टप्प्याटप्प्याने खुल्या करतायत. अमेरिकन असेल तर मिसिंग एअर क्रू रिपोर्ट शोधायचा, तो १९४३ पासून भरायला लागले, आणि त्यात सगळ्या क्रूची नावं आणि घरचे पत्तेही असतात.

फाइलीत काय काय असतं तर भरतीचा अर्ज, मेडिकल, शाळा, आधीची नोकरी, मुलाखत घेणाऱ्याने केलेला शेरा, ट्रेनिंगचे मार्क. मग एकदम तार, मिसिंग. मग स्क्वाड्रनच्या कमांडिंग ऑफिसरचं पत्र. मग साधारण सहा महिन्यांनी मृत गृहीत धरल्याचं पत्र. मधे आईची पत्रं, काही कळलं का, अमक्या मुलाच्या घरच्यांना म्हणे जर्मनीतून कार्ड आलंय, तो याच विमानात होता ना. आणि शेवटी सामानाची यादी. विमान परत आलं नाही की त्या माणसाचं सामान गोळा करून स्लॉजवळच्या कोलनब्रुकच्या डेपोत पाठवायचे, तिथून घरी. यादीत शर्ट किती, मोजे किती, सिगारेट केस, सायकल असेल तर सायकल. मला विचाराल तर माणूस कळतो तो या यादीतून आणि मुलाखतीच्या शेऱ्यातून, मेडलांच्या यादीतून नाही. मुलांच्या प्रोजेक्टसाठीही हेच घ्या, मेडलं सगळ्यांना तीच होती.

एक काळजी. फाइलीत आजार, कर्ज, लग्नाबाहेरचं मूल असलंही काही निघतं. जवळचे नातेवाईक अजून हयात असतील तर ते त्यांना न विचारता जगासमोर मांडू नका.

वाचलेल्यांचे कागद

आता क्रूवर का भर दिला ते बघा. केबी ७२६ वर जर्मन जू ८८ या लढाऊ विमानाने हल्ला केला, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली, पायलट डी ब्रेनने सगळ्यांना उडी मारायला सांगितलं. मागच्या टरेटचं हायड्रॉलिक डावीकडच्या इंजिनावर चालायचं, इंजिन गेलं की टरेट जागच्या जागी अडकला, आत शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी. मायनार्स्की उडी मारायच्या दारापाशी पोचला होता, त्याने ते बघितलं आणि पेटत्या भागातून रांगत मागे गेला, कुऱ्हाडीने, मग हाताने टरेट हलवायचा प्रयत्न केला. ब्रॉफीने त्याला हातानेच जा म्हणून खुणावलं. तोवर त्याचे कपडे आणि पॅराशूट पेटलेलं. तो दारापर्यंत परत गेला, ब्रॉफीकडे तोंड करून सॅल्यूट केला आणि उडी मारली. खाली फ्रेंच गावकऱ्यांना सापडला पण भाजल्यामुळे थोड्याच वेळात गेला. आणि ब्रॉफी, जो मरणारच होता, तो विमान आपटलं तेव्हा टरेटमधून बाहेर फेकला गेला आणि जिवंत राहिला.

हे सगळं आपल्याला कुणाकडून कळलं, तर एकट्या ब्रॉफीकडून. दुसरा कुणी ते बघायला तिथे नव्हताच. तो शत्रूच्या मुलखातून लपतछपत परत आला नसता तर मायनार्स्कीच्या नोंदीत ऑपरेशनवर ठार एवढंच राहिलं असतं. क्रूतले बाकी सहाही वाचले, काही लपत परतले, काही युद्धकैदी झाले. अशा परतलेल्यांचे जबाब क्यूला डब्ल्यूओ २०८ या मालिकेत आणि युद्धानंतर सुटलेल्या कैद्यांचे डब्ल्यूओ ३४४ मध्ये आहेत, म्हणून तुमच्या माणसाच्या विमानातलं कुणी वाचलं असेल तर आधी त्याच्या नावाने तिथे शोधा. आणि जे लिहाल त्यात कुणी बघितलं हे लिहा. ब्रॉफीच्या सांगण्यानुसार, एवढे दोन शब्द टाकले की लेखाची किंमत वाढते. शौर्यपदक असेल तर मूळ सन्मानपत्र लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात असतं, ते ऑनलाइन शोधता येतं. मायनार्स्कीचं ऑक्टोबर १९४६ चं आहे. इकडून तिकडून कॉपी झालेल्या गोष्टींपेक्षा ते वाचा.

कबर, किंवा नुसतं नाव

मायनार्स्की सोम भागातल्या मेअरिकूर गावच्या दफनभूमीत आहे, मोठ्या लष्करी सिमेट्रीत नाही. फ्रान्समध्ये असं खूप आहे, विमान पडलं तिथल्या गावाने पुरलं आणि तिथेच राहिले. जर्मनीत पडलेल्यांना मात्र युद्धानंतर शोधून राइक्सवाल्ड, राइनबर्ग, बर्लिन अशा मोठ्या सिमेट्रींमध्ये हलवलं. ते काम हवाई दलाच्या मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिसने केलं, गावोगाव फिरून, पाद्र्यांना विचारून, कबरी उघडून, कपड्यांवरचे लाँड्रीचे मार्क आणि बुटांचे नंबर जुळवून. त्यांचे रिपोर्ट कॅज्युअल्टी फाइलीत शेवटी असतात. वाचायला जड आहेत, शाळकरी मुलाच्या हाती सरळ देऊ नका.

नोंदीत कलेक्टिव्ह ग्रेव्ह आणि पुढे १ ते ७ असा आकडा दिसला तर अर्थ असा की कोण कुठला ते वेगळं करता आलं नाही म्हणून क्रूला एकत्र पुरलंय, दगड मात्र ओळीने वेगवेगळे असतात. अशा वेळी फोटो एका दगडाचा काढू नका, सगळी ओळ घ्या. कबरच नसेल तर युरोपात हरवलेल्यांची नावं लंडनबाहेर रनीमीडच्या स्मारकावर आहेत, २०,००० च्या वर, वर्ष आणि हुद्द्याप्रमाणे पॅनल लावलेले, त्यामुळे जाण्याआधी पॅनल नंबर लिहून घ्या. आशियात हरवलेल्या कॉमनवेल्थ हवाई दलवाल्यांसाठी सिंगापूरचं क्रांजी.

खडकीचं सांगायचं तर तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या १,६६८ कबरी आहेत, पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची देखभाल शक्य नव्हती तिथल्या कबरी इथे आणून बसवल्या. हवाई दलाचेही आहेत. कुणासाठी फोटो काढायला जाणार असाल तर आधी ऑनलाइन प्लॉट, रांग, कबर क्रमांक काढून न्या, सकाळच्या तिरप्या उन्हात कोरलेली अक्षरं नीट येतात, एक जवळून आणि एक लांबून असे दोन फोटो घ्या, दगडावर पाणी किंवा खडू अजिबात नको. फुलं ठेवा, रोप लावू नका, तिथली लागवड संस्थेची असते.

भारतातलीच दुसरी बाजू म्हणजे हम्प, हिमालयावरून चीनला जायचा हवाई मार्ग. चीनला सामान पोचवणारी अमेरिकन विमानं अरुणाचलच्या डोंगरांत किती पडली. हॉट ॲज हेल नावाचं बी-२४ बॉम्बर २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून आसामातल्या चबुआला येताना आठ जणांसह हरवलं, अवशेष सापडले थेट २००६ मध्ये. तिथून काढलेल्या अवशेषांतून रॉबर्ट ऑक्सफर्ड या लेफ्टनंटची ओळख पटली आणि २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्याच्या गावी त्याला पुरलं. बाकीच्यांची नावं मनिलाच्या अमेरिकन सिमेट्रीत भिंतीवर. पासीघाटला २०२३ मध्ये हम्प म्युझियम उघडलंय, ट्रेकला जाणाऱ्यांनी बघावं, आणि डोंगरात पत्रा किंवा इंजिन दिसलं तर हात न लावता जागा आणि फोटो जिल्हा प्रशासनाला कळवावं. आठवण म्हणून तुकडा उचलून आणणं हा प्रकार मला मुळीच पटत नाही, तिथे माणसं आहेत अजून. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान पडलेल्या जागी परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे.

गावाला पत्र लिहा

हे बरेच जण करत नाहीत आणि करायलाच हवं. विमान ज्या गावात पडलं तिथल्या नगरपालिकेला त्यांच्याच भाषेत छोटं पत्र लिहा, मशीन भाषांतर चालतं, वाक्यं लहान ठेवा. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये कुणीतरी स्थानिक माणूस या विमानांच्या मागे लागलेला असतोच, त्याच्याकडे फोटो असतात, गावात कधी छोटं स्मारक असतं. नेदरलँड्समध्ये ४ मेला रात्री आठ वाजता अख्खा देश दोन मिनिटं थांबतो, तेव्हा अशा कबरींवर फुलं असतात. पत्रात सगळ्या क्रूची नावं द्या, एकाचंच नको.

आठवण म्हणून करायचं काय

मायनार्स्कीसाठी लोकांनी बरंच केलं. विनिपेगला त्याच्या नावाची शाळा आहे, इंग्लंडातल्या टीसाइडच्या विमानतळापाशी (म्हणजे जुन्या मिडलटन सेंट जॉर्जलाच) २००५ मध्ये पुतळा बसवला. जगात उडण्याच्या स्थितीतली दोनच लँकेस्टर आहेत, त्यातली कॅनडातल्या हॅमिल्टनची त्याच्या विमानाच्या रंगात आणि अक्षरांत रंगवलीय, उन्हाळ्यात ऑन्टारियोत राहणाऱ्यांना डोक्यावरून जाताना दिसू शकते. मॅनिटोबा आणि सॅस्काचेवान प्रांतांनी आपल्या मेलेल्या सैनिकांची नावं तळ्यांना, बेटांना दिलीत, एकट्या मॅनिटोबात चार हजारांहून जास्त. म्हणजे तुमचा माणूस तिथला असेल तर त्याच्या नावाचं तळं असू शकतं, नकाशात बघा, मुलं खूश होतात.

आपल्याला जमेल ते म्हणजे एक पान. वर नाव, क्रू सात जणांचा, प्रत्येकाचं वय आणि गाव, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, काय झालं, कुणी सांगितलं, आता कुठे आहेत. आणि खाली बॉम्ब टाकायचे होते ते गाव. हे शेवटचं टाळू नका. कांब्रे रेल्वे यार्ड होतं, पण याच विमानांनी जुलै १९४३ मध्ये हँबुर्ग आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जाळलं, खाली हजारो साधी माणसं मेली. वीस-बावीस वर्षांची पोरं होती, जीव मुठीत धरून जात होती हेही खरं आणि खाली घरं होती हेही खरं. मुलांना दोन्ही सांगा, मुलांना ते झेपतं.

पान तयार झालं की त्याची प्रत लिंकनच्या डेटाबेसवाल्यांना पाठवा, फोटो असेल तर नक्कीच, ते घेतात. कॅनडाचा माणूस असेल तर कॅनेडियन व्हर्च्युअल वॉर मेमोरियलवर फोटो आणि कागद तुम्हाला स्वतःला चढवता येतात. कबरीच्या नोंदीत नाव किंवा वय चुकीचं दिसलं तर वॉर ग्रेव्हज कमिशनला कळवता येतं, पण नुसतं सांगून भागत नाही, जन्मदाखला किंवा सर्व्हिस फाइलीतलं पान जोडावं लागतं, आणि उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून ११ नोव्हेंबरसाठी हे धरून बसू नका, पान आधी वाचून टाका आणि दुरुस्ती मागाहून चालू द्या.